रुक्माबाईचा शनिवार

रुक्माबाईनं पन्नाशी उलटल्यावर अक्षरं गिरवली आणि त्याबद्दल गावानं तिला अजून माफ केलेलं नाही. मलाही केलेलं नाही, कारण शिकवणारी मी होते.

आमचं गाव भीमपूर मंडलात, पैनगंगेच्या अलीकडे. नदी ओलांडली की महाराष्ट्र. मी इथल्या मराठी शाळेत शिकवते. माझं घर बौद्ध. रुक्माबाईचं माहेर आमच्याच वस्तीतलं, म्हणून मी तिला मावशी म्हणते आणि ती मला शुभांगी न म्हणता 'बाई' म्हणते, शाळेतली म्हणून. वीसेक वर्षांपूर्वी तिची पोरगी तापानं गेल्यातच जमा होती. तेव्हा चर्चच्या पास्टरांनी पोरीला मांडीवर घेऊन, दुसऱ्याला मोटारसायकल चालवायला लावून, भर पावसात आदिलाबादचा दवाखाना गाठला. पोरगी वाचली. पुढच्या वर्षी रुक्माबाई आणि तिचा नवरा चंपत, दोघांनी बाप्तिस्मा घेतला. वस्तीत तेव्हाही कटकट झाली होती, पण ती आपोआप निवली.

पास्टर तेलुगू बोलणारे. सगळे त्यांना अय्यगारू म्हणतात. चर्चमध्ये साठेक माणसं, गाणी निम्मी तेलुगू, निम्मी मराठी. चर्चचे मुख्य वडील, म्हणजे पंच, उत्तमराव. त्यांच्या आजोबांच्या काळापासून ते ख्रिस्ती. आजोबांच्याच नावानं निजामाच्या दफ्तरात पट्टा झाला, तीच जमीन आज चाळीस एकर. चंपत त्यांच्याकडे सालगडी. रुक्माबाई त्यांच्याच शेतात निंदायला, खुरपायला, कापूस वेचायला. शेतात ती उत्तमरावांना 'मालक' म्हणायची आणि चर्चमध्ये 'भाऊ'.

दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्यांत, शेतं रिकामी असताना, ती सकाळी माझ्याकडे यायची. तिला दुसरं काही वाचायचं नव्हतं. बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेलं शास्त्र पेटीत फडक्यात बांधून ठेवलेलं, तेच वाचायचं होतं. 'दुसऱ्यानं वाचलेलं किती दिस आयकाचं?' म्हणायची. दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी ती अडखळत का होईना, पानं वाचायला लागली.

एका सकाळी ती दहा आज्ञांपाशी आली. मी चहा करत होते. ती मोठ्यानं वाचत होती: सहा दिवस काम कर, सातवा दिवस देवाचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, त्या दिवशी तू काम करू नकोस, तुझ्या मुलानं, मुलीनं करू नये, तुझ्या दासानं, दासीनं करू नये. तिथं ती थांबली.

"बाई, दासी मने कोन?"

"दुसऱ्याच्या घरी, शेतात राबणारी बाई."

"मने मीच न."

मी हसले. ती हसली नाही. बोट ओळीवर ठेवूनच म्हणाली, "सातवा दिस कोन्ता व्हय?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. रविवार पहिल्या रांगेत, शनिवार शेवटच्या. तिनं मोजलं, पुन्हा मोजलं. "मंग आमी रविवारी काऊन जातो?"

"ते मला नको विचारू, मावशी. अय्यगारूंना विचार."

मी असं म्हटलं नसतं तरी तिनं विचारलंच असतं, एवढीच माझी समजूत मी घालते.

दुसऱ्याला कळणार नाही म्हणून सांगते, या बाईचा रविवार कसा असायचा. वेचणीच्या दिवसांत पहाटेपासून नऊपर्यंत शेत. मग धावत घरी, अंघोळ, धुतलेलं लुगडं, साडेदहाला चर्च. एक वाजता आशीर्वाद संपला की चर्चच्या फाटकाबाहेर उत्तमरावांची ट्रॅक्टरची ट्रॉली उभी असायची. बायका धुतलेल्या लुगड्यांनिशीच तिच्यात चढायच्या आणि दिवस मावळेपर्यंत कापूस वेचायच्या. सोमवार ते शनिवार तर होताच. आठ वर्षांची असताना आईबरोबर शेतात गेली, तेव्हापासून तिच्या आयुष्यात आजारपण आणि बाळंतपण सोडून रिकामा दिवस नव्हता. आणि आता पुस्तकात लिहिलेलं निघालं की तो दिवस तिला मिळायला हवा होता, फार पूर्वीपासूनच.

दसऱ्यानंतरच्या एका रविवारी उपदेश संपल्यावर अय्यगारूंनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का? साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगणं. रुक्माबाई उभी राहिली. मी तिथं होते, कारण तिनं मला बोलावून नेलं होतं. बारीक अक्षर अडलं तर वाचून द्यायला. मागच्या बाकावर बसले होते.

तिनं साक्ष दिली नाही. तिनं विचारलं, सातवा दिवस शनिवार आहे, मग आपण रविवार का पाळतो?

अय्यगारूंना राग आला नाही. त्यांनी नीट समजावलं. प्रभू मरणातून उठला तो आठवड्याच्या पहिल्या दिवशी, रविवारी. शिष्य भाकर मोडायला जमायचे तेही पहिल्या दिवशी. येशूचा प्रेषित पौल, त्यानं वर्गणी बाजूला काढायला सांगितली तीही त्याच दिवशी. "तो आपला आनंदाचा दिवस आहे, अम्मा."

"ते खरं हाय," रुक्माबाई म्हणाली. "पन सातवा दिस मोडला, असं कुठं लिवलं ते दाखवा."

मग त्यांनी पौलाचीच दुसरी वचनं सांगितली. सणावरून, अमावास्येवरून, शब्बाथावरून कुणी तुम्हाला दोष लावू नये. एकजण एक दिवस मोठा मानतो, दुसरा सगळे सारखे मानतो. ज्यानं त्यानं आपल्या मनाची खात्री करावी.

"मने मी शनिवारी घरी बसली, तं कोनी मले दोष लावाचा नाई?"

चर्चमध्ये हसू फुटलं. अय्यगारू बोलायच्या आत पुढच्या खुर्चीवरून उत्तमराव उठले. "रुक्मे, तू शनिवार पाळणारी यहुदी झाली काय? बस खाली."

"भाऊ, मी विचारून राह्यली."

"वेचणी ऐन भरात आली अन् हिला शनिवार आठवला. प्रभूनं नियमशास्त्रातून सोडवलं आपल्याला. तू पुन्हा बेड्या घालून घेतं काय?"

रुक्माबाई म्हणाली, "बरं, शनिवार नाई. रविवारच प्रभूचा दिस. मंग भाऊ, बाहेर ट्रॉली काऊन उभी हाय?"

हसू थांबलं. उत्तमरावांची मान लाल झालेली मला मागून दिसत होती. अय्यगारूंनी घाईघाईनं गाणं सुरू केलं.

त्या दुपारी रुक्माबाई ट्रॉलीत चढली. सोमवारपासून शुक्रवारपर्यंतही गेली. शनिवारी गेली नाही. आदल्या दिवशीच भाकरी-भात रांधून ठेवला होता. अंघोळ करून ओट्यावर शास्त्र घेऊन बसली. रस्त्यानं जाणारे विचारत होते, आणि निम्म्या गावाला वाटलं, ही ख्रिस्ती बाई मारुतीचा शनिवार धरायला लागली.

रविवारी उत्तमरावांनी तिला ट्रॉलीजवळच सांगितलं, "तुला शनिवारीच नाही, साती दिवस सुटी. माझ्या बांधावर पाय ठेवू नको."

त्या संध्याकाळी चंपतनं घरात काय केलं ते शेजारच्यांनी ऐकलं. त्यानं तिला मारलं नाही, पण चुलीवरचं पिठलं अंगणात फेकलं आणि ओरडला, "मालकानं मले उभा करून सांगितलं, बायकोले आवर. वीस सालं झाले मी त्याहिच्या गोठ्यात. तुया वाचण्यापायी माह्या पोटावर पाय!" ती म्हणाली, "तुह्याबी नावाचं लिवलं हाय तिथं. दास बी लिवला हाय." यावर तो भावाच्या घरी जेवायला निघून गेला. तेव्हापासून तो तिथंच जेवायला लागला.

मग माझी पाळी आली. उत्तमराव शाळेत आले, हेडमास्तरांच्या खोलीत बसले आणि मला बोलावलं. "आमच्या चर्चात भांडणं लावायला तुम्हाला सरकार पगार देते काय? स्वतः बुद्धाला मानता अन् आमच्या बायकांना शास्त्र शिकवता?" मी म्हटलं, मी फक्त अक्षरं शिकवली. "अक्षरंच," ते म्हणाले. "अक्षरंच नडली." हेडमास्तर खाली बघत होते. उत्तमराव गेल्यावर म्हणाले, "मॅडम, अर्ज वर गेला तर बदली होईल. मला काही करता येणार नाही."

मी घाबरले. रुक्माबाई आली तेव्हा दारातच तिला म्हटलं, काही दिवस येऊ नको. तिनं चपला काढल्या होत्या, त्या पुन्हा घातल्या आणि गेली.  भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

अशा बातम्या फिरायला वेळ लागत नाही. महिनाभरात गावात एक पांढरी गाडी आली. मावल्याहून यशवंतराव आले होते. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, शनिवार पाळणाऱ्या एका छोट्या मंडळीचे पुढारी. ते रुक्माबाईच्या ओट्यावर बसले, तिचं शास्त्र हातात घेतलं आणि तिला 'भगिनी' म्हणाले. साऱ्या जिल्ह्यातल्या शिकलेल्या पास्टरांना जे दिसलं नाही ते देवानं एका मजूर बाईला दाखवलं, असं म्हणाले. निघताना म्हणाले, येत्या शनिवारी आमच्याकडे या.

ती माझ्याकडे आली नाही. तिनं निरोप पाठवला. सोबत येशील का, असं विचारलं. दुसरा शनिवार होता, शाळेला सुटी. माझ्या मनाला टोचणी होतीच. मी गेले. भीमपूरहून आदिलाबाद, तिथून रिक्षानं मावला. रुक्माबाई कोरं लुगडं नेसली होती आणि साऱ्या वाटेत खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "बाई, आज पह्यल्यांदा शनिवारी मी एकटी नाई."

यशवंतरावांच्या घराच्या वरच्या मजल्यावर हॉल. पंचवीसेक माणसं, नीटनेटकी, पगारदार. रुक्माबाईला पुढच्या ओळीत खुर्ची दिली. तिनं आज्ञा वाचून दाखवल्या. अडखळली तिथं बायकांनी मान डोलावून धीर दिला. तिचा चेहरा मी इतका मोकळा कधी पाहिला नव्हता. मग यशवंतराव बोलले, आणि चांगलं बोलले. देवानं सृष्टीच्या आरंभीच सातवा दिवस पवित्र केला, यहुदी जन्मायच्या कितीतरी आधी. प्रभू येशू स्वतः शब्बाथाला सभास्थानात जायचा. तो मेल्यावर त्याच्याबरोबरच्या बायकांनी सुगंधी द्रव्यं तयार केली, पण शब्बाथ होता म्हणून त्या घरी थांबल्या. रविवार नंतर राजांनी आणि माणसांनी आणला.

इथपर्यंत ती मान हलवत होती. मग ते म्हणाले, "जे जाणूनबुजून रविवार पाळतात ते नाशाच्या वाटेवर आहेत. भगिनी, तुम्ही त्यातून बाहेर आलात. उभ्या राहून सांगा, मी त्यांचा त्याग केला."

रुक्माबाई उभी राहिली. "माहा नवरा रविवारी जाते," ती म्हणाली. "अय्यगारूनं माही पोरगी वाचवली, तेबी रविवारचेच. ते नाशात जातीन असं मी कशी मनू?"

"तुम्ही म्हणत नाही, शास्त्र म्हणतं."

"कुठं लिवलं ते दाखवा."

हेच तिनं अय्यगारूंनाही म्हटलं होतं. यशवंतरावांनी शास्त्रातलं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, उघडून श्वापद, छाप वगैरे बरंच सांगितलं. तिला ते कळलं नाही, मलाही नाही. ती म्हणाली, "यात रविवार शब्द नाई दिसला," आणि बसली. हॉलमधलं ऊन एकदम कमी झाल्यासारखं झालं. कुणीतरी जेवायची वेळ झाली असं म्हटलं.

जेवण आदल्या दिवशीच रांधलेलं होतं. शनिवारी चूल नाही, हा त्यांचा नियम. रुक्माबाई हात धुवायला मागच्या दारी गेली आणि परत येईना, म्हणून मी पाहायला गेले. मोरीपाशी एक वाळकी बाई भांडी घासत बसली होती. मोठी पातेली, आदल्या दिवसाच्या स्वयंपाकाची, शिवाय सकाळच्या फराळाची. गयाबाई तिचं नाव. रुक्माबाई तिला विचारत होती, "आज तुले सुटी नाई?"

"सुटी? शनवारी तं जास्त भांडे रायते."

यशवंतरावांच्या पत्नी मागून आल्या. "अहो, ती आपल्यातली नाही. तिला हा नियम लागू नाही."

"बाईसाहेब," रुक्माबाई म्हणाली, "वेशीतला परका बी लिवला हाय. मी आत्ताच वाचला तुमच्यापुढं. अन् दुसऱ्या जागी लिवलं हाय, का तुह्या दासीले तुह्यासारखाच विसावा भेटो, कारन तू बी मिसर देशात दास होता."

आवाज वर गेले तसे यशवंतराव खाली आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यांचं 'भगिनी' तिथंच संपलं. "काल-परवा अक्षर कळलं तुला आणि मला शास्त्र शिकवतेस? माझ्या घरात येऊन?"

रुक्माबाईनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती गयाबाईला म्हणाली, "ऊठ माय. आज ठेव ते."

गयाबाईनं हातातली घासणी आपटली. इतका वेळ ती खाली मान घालून होती. आता तिनं वर पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांत यशवंतरावांपेक्षा जास्त राग होता. "तू कोन व मले उठवनारी? तू जाशीन निंघून गावाले. उद्या हे मले काढतीन तं तू पोसशीन काय? तुह्या देवानं तुले सांगतलं, मले नाई सांगतलं. जाय!"

रुक्माबाई उभीच राहिली. मग आम्ही न जेवता निघालो. फाटक मागून कुणीतरी जोरात लावलं.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "मावशी, जरा सबुरीनं घ्यायचं होतं." ती म्हणाली, "तिचं बरोबर हाय. मी तिले काय देनार होती?" 

पुढच्या रविवारी ती चर्चला गेली. मावल्याची खबर तिच्या आधी पोचली होती. उत्तमरावांनी पंचांची सभा घेतली होती आणि कागदावर सह्या होत्या. अय्यगारूंनी तो कागद वाचला. परक्या मंडळीत गेल्यामुळे आणि चर्चच्या वडिलांचा अपमान केल्यामुळे रुक्माबाईला प्रभुभोजनातून, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या पवित्र विधीतून, बाहेर ठेवण्यात येत आहे. त्यांनी कागदावरून नजर वर केली नाही. चंपत तिसऱ्या ओळीत बसला होता. तोही हलला नाही.

ती म्हणाली, "अय्यगारू, तुमीच मनलं होतं, कोनी दोष लावू नये." ते म्हणाले, "अम्मा, माफी माग, मी सगळं मिटवतो." "कशाची?" तिनं विचारलं. त्यांनी कागदाची घडी घातली. उत्तमराव म्हणाले, "हिला बाहेर काढा," आणि दोन बायकांनी, ज्या कालपर्यंत तिच्या शेजारच्या ओळीत कापूस वेचायच्या, तिला दंडाला धरून दारापर्यंत नेलं.

त्याच हंगामात एका रविवारी तीन बायका ट्रॉलीत चढल्या नाहीत. रुक्माबाईनं त्यांना काही सांगितलं नव्हतं, तसं तिनं मला शपथेवर सांगितलं. त्यांनी फक्त एक दुपार मागितली. उत्तमरावांनी नदीपलीकडून वेचणारी टोळी आणली आणि त्या तिघींचं काम महिनाभर बंद केलं. तिघी रुक्माबाईच्या दारात येऊन तिला शिव्या देऊन गेल्या. एकीनं तर ओट्यावरचं शास्त्र उचललं, फेकायला हात वर केला आणि घाबरून पुन्हा खाली ठेवलं.

पाडव्याला सालगड्यांचं साल संपतं. उत्तमरावांनी चंपतला पुढचं साल धरलं नाही.

आता ती शेजारच्या गावात नागोराव म्हणून एक शेतकरी आहेत, त्यांच्याकडे कामाला जाते. नागोराव ना रविवारचे, ना शनिवारचे. ते म्हणाले, सहा दिवस ये, एक दिवस नको येऊ, मला वारांचं काय. पण उन्हाआधी आली पाहिजेस. चंपतलाही तिथंच तिनं काम मिळवून दिलं. त्याबद्दल तो तिच्याशी एक शब्दही बोललेला नाही. तो रविवारी अजून चर्चला जातो, मागच्या ओळीत बसतो, आणि उत्तमराव त्याला ओळख देत नाहीत. यशवंतरावांची गाडी पुन्हा आली नाही. माझ्या कानावर आलं ते असं, की ते आपल्या सभेत तिचं उदाहरण देतात, अर्धवट ज्ञानाचं.

मागच्या शनिवारी मी तिच्या घरी गेले होते. माझी बदली झालेली नाही, पण मी तिला पुन्हा घरी बोलावलं नाही, हेही खरं आहे. मीच कधीतरी जाते. ती ओट्यावर वाचत बसली होती. पाय पसरलेले. तेवढ्यात चंपत चाऱ्याचा भारा घेऊन आला, अंगणात टाकला आणि म्हणाला, "जेवाले वाढ." भावाच्या घरीही आता त्याचं जमत नाही.

"काल रांधून ठेवलं हाय. झाकलं हाय. घे."

"हातानं वाढाले काय होते?"

"आज नाई."

तो आत गेला. भांड्यांचा आवाज झाला, आम्हाला ऐकू यावा एवढा. ताट घेऊन बाहेर आला आणि आमच्याकडे पाठ करून पायरीवर जेवायला बसला. मध्येच थांबून, मागे न वळता, मला म्हणाला, "बाई, तुमी हिले वाचाले शिकवलं. आता इसराले शिकवा."

 रुक्माबाई पान उलटून पुढचं वाचत होती, अडखळत, मोठ्यानं, त्याला ऐकू जाईल अशा बेतानं. त्यानं ताट तसंच ठेवलं, हात धुतले आणि भारा पुन्हा डोक्यावर घेऊन गोठ्याकडे गेला.